जरा दुखणाऱ्यांचा नंबर

अपघाताच्या बातमीत जखमींचे दोनच प्रकार असतात, किरकोळ आणि गंभीर. तिसरा प्रकार नाही. मी भोरला तालुका बातमीदार म्हणून गेलो तेव्हा हे दोन शब्द मला पुरेसे वाटत होते. सहा वर्षांनी पुण्याला डेस्कवर परत आलो तेव्हा ते टाईप करताना हात थांबू लागला होता. अजून थांबतो. त्याला कारण एक कंपाउंडर आहेत.

त्यांचं नाव दिनकर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गाव राजगडाखालचं पाली. घरची भातशेती भाऊ बघायचा. अण्णा सोमवारी सकाळच्या एसटीने भोरला यायचे, शनिवारी संध्याकाळी परत जायचे आणि मधले दिवस बाजारपेठेतल्या एका जुन्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायचे. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझा जिना दवाखान्याच्या ओसरीतच उतरायचा. सकाळी बाहेर पडताना बाकड्यांवर बसलेल्या पेशंटांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी लागायची. बातमी नसेल त्या दिवशी मी तिथेच थांबायचो.

ओसरीच्या टोकाला, डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी, अण्णांचं स्टूल होतं. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आलेल्या माणसाला ते नाव, गाव आणि काय होतंय एवढं विचारायचे, केसपेपरवर दोन ओळी लिहायचे आणि नंबर सांगायचे. हा नंबर आलेल्या क्रमाने नसायचा. सकाळी आठला आलेल्याला सातवा मिळायचा आणि दहाला आलेला सरळ आत जायचा. याबद्दल नवखे लोक कुरकुर करायचे. जुने करायचे नाहीत. डॉक्टर तेव्हा सत्तरीला आले होते. त्यांना मी एकदा या पद्धतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "दिनकर ज्याला आत पाठवतो त्याला मी तपासतो. गेली तीस वर्षं असंच आहे."

पहिल्याच आठवड्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. बाकड्यावर एक बाई पोट धरून बसली होती. "अगं आई गं, लई दुखतंय, मरायला लागले," असं तिचं चाललं होतं. तेवढ्यात वेल्ह्याकडचा एक शेतकरी आला. हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर. तो उभाच राहिला.

"काय होतंय?" अण्णा म्हणाले.

"काई न्हाई. जरा पोटात धरल्यागत झालंय. आलोच हुतो बाजाराला, म्हटलं दावून जावं."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला आत नेलं. तासाभराने त्याला गाडीत घालून पुण्याला पाठवण्यात आलं. कोथिंबिरीची पिशवी दोन दिवस स्टुलाखाली होती. त्या बाईला दुपारी एक गोळी मिळाली आणि ती घरी गेली.

मी अण्णांना कारण विचारलं.

"ती बोलत हुती न्हवं? बोलतीय तवर बरं हाय."

"आणि तो?"

"त्यो दिवस मोडून, एसटी धरून हितवर आला. त्याचं 'जरा' हितवर चालत आलंय."

एवढ्यावरून मला नियम कळला असं वाटलं. जरा म्हणणारे आधी, लई म्हणणारे मागे. मी तो वहीत लिहूनही ठेवला. बातमीदाराला नियम सापडला की बरं वाटतं. पुढच्या मंगळवारी एक म्हातारी आली, तिने "लई दुखतंय" म्हटलं आणि अण्णांनी तिला पहिला नंबर दिला. मी वही उघडून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "पन ह्या म्हातारीनं चार वर्सात लई म्हटल्यालं मला ठावं न्हाई."

मग मी वहीत तक्ता केला. उभ्या रकान्यात शब्द: काही नाही, जरा, बरंच, लई, लईच, भयंकर, असह्य. आडव्या रकान्यात माणसं: डोंगरातली, नदीकाठची, हायवेवरची, भोर शहरातली. पुढे बायका आणि पुरुष वेगळे करावे लागले. त्यानंतर सासूबरोबर आलेल्या बायका आणि एकट्या आलेल्या बायका. सासू बरोबर असली की अण्णा तिला सांगायचे, "आई, तुमची चप्पल जरा आत घ्या, कुत्रं फिरतंय हितं," आणि ती उठली की सुनेकडे न बघता विचारायचे, "हं, आता बोल." त्यातच भातलावणी सुरू झाली. तक्त्यातले सगळे शब्द एकदम खाली घसरले. ज्यांचं जूनमध्ये लई दुखत होतं त्यांचं जुलैमध्ये जरा दुखू लागलं.

"लावणीत कुनाचं दुखत न्हाई," अण्णा म्हणाले. "लावणी झाली की समद्यांचं एकदम दुखतं."

महिन्याभरात तक्ता वहीच्या दोन पानांत मावेना. मी तो फाडला. अण्णांनी ते तुकडे गोळ्यांच्या पुड्या बांधायला घेतले.

शहरातल्या पेशंटांची गोष्ट वेगळी होती. भोरमध्ये कचेऱ्यांतून, बँकांतून नोकरी केलेली बरीच कुटुंबं आहेत. त्यांची भाषा पुरी आणि नेटकी. एक निवृत्त अव्वल कारकून दर पंधरा दिवसांनी यायचे आणि उभ्यानेच सांगायचे, "अण्णा, कालपासून असह्य वेदना आहेत." अण्णा त्यांना आदराने खुर्ची द्यायचे, पेपर वाचायला द्यायचे आणि नववा नंबर द्यायचे. कारकुनांनाही ते चालायचं. त्यांना वेळ होता. एकदा ते मला म्हणाले, "हा मनुष्य माझं ऐकत नाही, पण ऐकून घेतो." त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं हे मी विचारायला हवं होतं.

पद्धत फुटली तेव्हा गंमत झाली. आंबवड्याकडचे एक कॉन्ट्रॅक्टर होते, जीपने यायचे, घाई असायची. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. ते आले आणि आवाज पाडून म्हणाले, "काही नाही अण्णा, जरा डोकं दुखतंय."

"जरा?"

"जराच."

"मग बसा जरा," अण्णा म्हणाले.

ओसरी हसली. कॉन्ट्रॅक्टरही हसले. पण मी गोंधळलो तो तेव्हापासून. शब्द तोच, आवाजही जवळपास तोच. अण्णांनी कशावरून ओळखलं? कॉन्ट्रॅक्टर गेल्यावर मी विचारलं. अण्णा केसपेपर लावत होते.

"शबुद धरू नका," ते म्हणाले. "शबुद काय, कुनीबी वापरतो. कुनाच्या घरातला हाय ते बगायचं. त्यांच्या घरात जरा न्हाई. त्यो उसना आनल्याला हुता."

यात चुका होत नव्हत्या असं नाही. अण्णांनी घाईने आत पाठवलेल्या माणसाला नुसता गॅस निघाला, असं मी स्वतः अनेकदा पाहिलं. किती वेळा, ते मोजलं नाही. मोजायला हवं होतं. त्यांचं बरोबर आलेलं लोक सांगत राहायचे आणि चुकलेलं कुणी सांगायचं नाही. त्यामुळे ते खरंच ओळखत होते की अंदाज बांधत होते, हे मी आजही खात्रीने लिहू शकत नाही. एक नियम मात्र ते कधीच मोडत नव्हते. ज्याचं जरा घरचं वाटलं त्याला ते दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत.

"दुसऱ्यांदा इचारलं की त्यो 'काई न्हाई' म्हनतो आन उठून जातो. आन त्यो उठला की समजायचं, आता येळ न्हाई."

याची किंमत मला कामथडीच्या अपघातात कळली. हायवेवर लग्नाहून परतणारा टेम्पो उलटला. बरेच जण सरकारी रुग्णालयात गेले, तिघे-चौघे या दवाखान्यात आले. संध्याकाळचे सहा, बातमी सात वाजेपर्यंत द्यायची होती. एकाच्या डोक्यातून रक्त वाहत होतं आणि तो ओरडत होता. दुसरा भिंतीला टेकून पाणी पीत बसला होता. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "जरा मुका मार हाय." मी खात्री करायला परत विचारलं. तो म्हणाला, "काई न्हाई." मी लिहून घेतलं.

"अण्णा, गंभीर कोण, किरकोळ कोण?"

अण्णा त्या भिंतीजवळच्या माणसाचे बूट काढत होते. "तुमी इचारलं न्हवं? मग लिवा."

मी ओरडणाऱ्याला गंभीर आणि भिंतीजवळच्याला किरकोळ लिहिलं. त्याच रात्री भिंतीजवळच्या माणसाची पुण्यात प्लीहा काढावी लागली. ओरडणाऱ्याला सहा टाके पडले आणि तो सकाळी घरी चालत गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली. दुरुस्ती एका ओळीची होती आणि तिच्यातही तेच दोन शब्द होते, जागा बदलून.

अण्णा स्वतःबद्दल बोलताना काटकसर करायचे. जेवण आवडलं तर "चालंल". मुलाला चाकणला नोकरी लागली तेव्हा "बरं झालं". मी तिथे असतानाच त्यांची बायको गेली. तेरावं करून ते सोमवारच्या एसटीने परत आले, स्टूल पुसलं आणि केसपेपर लावायला बसले. डॉक्टरांनी विचारलं, "दिनकर, कसं आहे?"

"जरा सुनं वाटतं," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावलं. दवाखाना त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झाला. बाकड्यावर तेरा माणसं होती. कुणीही दार वाजवलं नाही.

चौथ्या वर्षी डॉक्टरांची सून, डॉ. मृणाल, पुण्याची नोकरी सोडून भोरला आली आणि दवाखान्यात बसू लागली. ती तिशीतली, कामाला चोख. पहिल्या दिवशी तिने केसपेपर पाहिले. प्रत्येकावर कोपऱ्यात दोन आकडे होते, मध्ये तिरकी रेघ. १४/१२. १२/६. १६/४. तिला त्या आजार सुरू झाल्याच्या तारखा वाटल्या. दुपारपर्यंत तिने तीन पेशंटांना विचारलं की डिसेंबरपासून, एप्रिलपासून दुखत असताना इतके दिवस का थांबलात. १६/४ वाला घाबरून गेला. त्याला परवापासून सर्दी होती.

संध्याकाळी सासऱ्यांनी खुलासा केला. ते आणे होते. सोळा आणे म्हणजे पुरं दुखणं. पहिला आकडा माणूस सांगतो तो, दुसरा अण्णांना दिसतो तो. या भागातले जुने पेशंट अजूनही औषधाचा गुण विचारला तर "चार आणे फरक हाय" असं सांगतात. अण्णांनी त्यांचंच माप उचललं होतं.

"म्हणजे पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तर काळजी करायची?" मृणालने विचारलं.

"तवा मी लिवत बसत न्हाई," अण्णा म्हणाले. "घिऊनच येतो."

तिला हे पटलं असं नाही. मला ती एकदा जिन्यात म्हणाली, "ते चुकत नाहीत असं सगळे म्हणतात. चुकतील त्या दिवशी काय करायचं हे कुणी सांगत नाही." पण तिने स्टूल हलवलं नाही. उलट फावल्या वेळात ती दाराशी उभी राहून अण्णांचं ऐकायची. दोघांचं बोलणं मात्र सारखं अडायचं. ती म्हणायची, "अण्णा, हे शिकवता येईल का कुणाला?" ते म्हणायचे, "ताई, हे मला तरी कुनी शिकिवलं?"

चुकण्याचा दिवस दीड वर्षांनी आला.

पालीची ऋतुजा भोरला कॉलेजात अकरावीला होती. तिचं घर अण्णांच्या घराला लागून. सोमवारी अण्णा ज्या एसटीने यायचे त्याच एसटीने ती यायची, मागच्या सीटवर, मैत्रिणींबरोबर. तिचा आवाज पुढपर्यंत यायचा. ऊन भयानक असायचं. पेपर भयानक असायचा. कुणाचा तरी ड्रेस भयानक भारी असायचा. अण्णांना ते ऐकून मौज वाटायची. "आमच्या पोरीचं समदंच भयानक," असं ते मला सांगायचे. तोवर त्यांनी उच्चारलेला हा एकमेव भयानक.

त्या दिवशी सकाळी ती मैत्रिणीबरोबर दवाखान्यात आली. हातात मोबाईल होता. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पेपर वाचत होतो.

"अण्णा, पोटात भयानक दुखतंय."

"काय खाल्लंस?"

"काय नाही. भयानक दुखतंय खरंच."

अण्णा हसले. "बस. आटवा नंबर."

ती बसली. मैत्रिणीने मोबाईलवर काहीतरी दाखवलं, ती त्यावर हसली. अण्णांनी केसपेपरवर १६/४ लिहिलं. तो कागद नंतर मी पाहिला. दीड तासाने पाचवा पेशंट आत असताना ती बाकड्यावरून घसरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मृणाल बाहेर आली, पोटाला हात लावला आणि गाडी बोलवा म्हणाली. अपेंडिक्स फुटलं होतं. पुण्याला पोचेपर्यंत ती वाचेल की नाही हे कुणालाही सांगता येत नव्हतं. त्या रात्री ऑपरेशन झालं. पुढचे पाच दिवसही कुणी काही सांगत नव्हतं.

पाच दिवस अण्णा स्टुलावर बसत होते आणि नंबर आलेल्या क्रमाने देत होते. एका म्हाताऱ्याने "जरा" म्हटलं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला विचारलं, "जरा म्हंजे किती?" म्हातारा गोंधळला. "काई न्हाई," म्हणाला आणि उठून चालू लागला. मृणालने त्याला रस्त्यावरून परत आणलं.

सहाव्या दिवशी मुलीच्या जिवाचा धोका टळला. मला पुण्याला मीटिंग होती. अण्णा माझ्याबरोबर आले. वॉर्डात ऋतुजाची आई पलंगाशी बसली होती. ऋतुजा जागी होती, आवाज बारीक झाला होता.

अण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"पोरी, मला कळलं न्हाई."

"मी सांगितलं की, अण्णा. दोनदा सांगितलं."

"भयानक म्हनालीस."

"मग भयानक म्हणजे भयानकच की."

"आन ऊन?"

"काय?"

"उनाला काय म्हनतीस? पेपराला?"

ती विचारात पडली. तिने आईकडे पाहिलं. "ते पण भयानक," ती म्हणाली. "मग काय म्हणायचं होतं मी?"

माझा सगळा पेशा विशेषणं कापण्याचा. तिला कुठलं विशेषण द्यायला हवं होतं, हे मला त्या पलंगाशी सुचलं नाही.

निघताना ऋतुजाची आई जिन्यापर्यंत आली. अण्णा तिला म्हणाले, "माजं चुकलं, सुमन."

"तुमचं काय न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "जरा वाईट वाटलं, एवढंच."

ती परत वॉर्डात गेली. अण्णा कठड्याला धरून तिथेच राहिले. मी दोनदा चला म्हटलं.

"ऐकलं न्हवं तुमी?" ते म्हणाले. "जरा म्हनाली."

पुढच्या आठवड्यात मृणालने भिंतीवर तक्ता लावला. शून्य ते दहा आकडे, त्यांच्यावर गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. पेशंटने बोट ठेवायचं. तिने तो संकोचाने आणला होता. अण्णांनीच खिळे मागितले आणि ठोकला. वाकडा झाला म्हणून काढून परत ठोकला. पहिल्या दिवशी डोंगरातल्या सगळ्या माणसांनी दोनवर बोट ठेवलं, शहरातल्यांनी नऊवर. एका आजीला तक्ता कळेना. तिला वाटलं, यातलं आवडेल ते तोंड निवडायचं आहे. तिने हसरं निवडलं. अण्णा बघत होते.

मृणाल त्यांना म्हणाली, "अण्णा, तक्ता राहू दे आणि तुम्हीही बसा. दोन्ही लागतील."

"मला आता दोन आवाज येत्यात, ताई," ते म्हणाले. "कुनी लई म्हटलं तर वाटतं खरंच असंल. कुनी जरा म्हटलं तर वाटतं, खरंच जरा असंल. मग मी करू काय हितं बसून?"

दोन महिन्यांनी ते पालीला गेले ते कायमचे. त्याच सुमारास माझी पुण्याला बदली झाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. भोरला एका कामासाठी गेलो होतो. वेळ होता म्हणून दवाखान्यात डोकावलो. ओसरीला फरशी बसली होती. स्टुलाच्या जागी टेबल, टेबलामागे एक मुलगी टोकन देत होती. बाकडी तीच. भिंतीकडच्या बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, अण्णा बसले होते. शर्ट पांढराच. खिशाला एकच पेन, लाल.

"अण्णा, तुम्ही बाकड्यावर?"

"का? पेशंट व्हायची बंदी हाय का?"

"काय होतंय?"

"काई न्हाई. जरा छातीत भरल्यागत हाय. आलोच हुतो बाजाराला."

त्या दिवशी भोरला बाजार नव्हता.

हातात अकरा नंबरचं टोकन होतं. मी तक्त्याकडे पाहिलं. तो अजून सरळ होता. "तिथे किती सांगितलंत?"

"दोन. त्या हसऱ्याच्या जवळचा." ते किंचित हसले. "पोरगी म्हनाली, बोट ठिवा. ठिवलं."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सहा वर्षं या माणसाशेजारी बसून मी जे पाहायला शिकलो असं समजत होतो, ते शोधत होतो. कपाळावर थोडा घाम होता, पण ऊनही होतं. श्वास जड वाटला, पण वयही होतं. मला काहीही ठरवता आलं नाही. मग मी, बातमीदार करतो तेच केलं.

"अण्णा, नक्की किती दुखतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. चुकीचं औषध देणाऱ्या नवख्याकडे पाहावं तसं होतं ते.

"काई न्हाई," ते म्हणाले आणि पिशवीचे बंद हातात गुंडाळून उठले. "साडेअकराची एसटी गाठतो. परत यीन."

मी नंबर न लावता आत गेलो. मृणाल एका मुलाचा घसा बघत होती. तिने वर पाहिलं.

"अण्णा बाहेर आहेत," मी म्हणालो. "अकरावा नंबर. निघाले आहेत."

"काय होतंय त्यांना?"

"छातीत."

"किती दुखतंय?"

"जरा," मी म्हणालो.

ती हातातली बॅटरी टेबलावर ठेवून उठली.

अण्णा पायरीवर पोचले होते. एक हात दाराच्या चौकटीला होता. मृणालने दुसरा धरला.

"ताई, धा मानसं हायती माज्याआदी," ते म्हणाले.

दोन नंबरच्या टोकनवाली, गुडघ्याला फडकं बांधलेली एक म्हातारी बाकड्यावरून म्हणाली, "जावा की, अण्णा. माजं लई दुखतंय. म्या थांबते."

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चौतीस वर्षं इतरांना जिथे काढायला सांगितल्या तिथे चपला काढल्या आणि आत गेले. दार लागलं. पाच मिनिटांत टोकनवाल्या मुलीला आतून हाक आली आणि तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. घसा दाखवायला आलेला मुलगा आणि त्याचे वडील बाहेर येऊन भिंतीशी उभे राहिले.

मी उभाच होतो. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचं काय दुखतंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने गुडघा धरून स्वतःला बाजूला सरकवलं आणि बाकड्यावर मला जागा करून दिली.